दोन त्रिभुज प्रदेश, दोन प्रकारची गरिबी : बांगलादेशातील चरवासी आणि अलास्कातील युपिक

नदीकाठ (धागालेखक)

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगलादेश मुक्त झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अलास्कातील मूळ रहिवाशांच्या जमिनीवरील हक्कांचा निवाडा करणाऱ्या कायद्यावर सही केली. पहिली घटना आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, दुसरी बहुतेकांच्या कानावरही आलेली नसते. युकॉन आणि कस्कोक्विम या नद्यांच्या मुखाशी राहणाऱ्या युपिक लोकांचे पुढचे आर्थिक आयुष्य मात्र त्या सहीने ठरवून टाकले.

हे युपिक आणि बांगलादेशातील चरवासी, म्हणजे नदीच्या गाळाने बनलेल्या बेटांवर (चरांवर) राहणारे लोक, या दोन समाजांची तुलना प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखी वाटेल, म्हणून ती का करावीशी वाटली हे आधी सांगतो. बांगलादेशाचे क्षेत्रफळ सुमारे १,४७,५७० चौरस किलोमीटर आहे. युकॉन-कस्कोक्विमचा त्रिभुज प्रदेश साधारण १,३०,००० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे विस्ताराने दोन्ही जवळपास सारखे. दोन्ही सपाट, पाणथळ, नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचे, आणि दोन्हीकडे काठ सतत ढासळत असतात. दोन्हीकडे समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या माशावर माणसांचे जेवण आणि अर्थकारण उभे राहिले : तिकडे सॅमन, इकडे इलिश. एवढे साम्य असूनही एका प्रदेशात सतरा कोटींच्या आसपास माणसे राहतात आणि दुसऱ्यात पंचवीस हजारांच्या आसपास. माणसांच्या संख्येतील ही तफावत दोन्हीकडच्या गरिबीला वेगवेगळे वळण कसे देते, हा या धाग्याचा विषय आहे.

माझे मत आधीच मांडून ठेवतो. बांगलादेशातील गरीब माणसाकडे विकायला श्रम असतात आणि ते घेणारा कोणी ना कोणी भेटतो, परंतु पायाखालची जमीन त्याची राहील याची शाश्वती नसते. युपिक माणसाच्या नावावर जमिनीचा वाटा कागदोपत्री पक्का आहे, परंतु त्याचे श्रम विकत घेणारी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर नाही आणि नदीतल्या माशावर त्याचा अंतिम अधिकारही नाही. म्हणून दरडोई उत्पन्नाचे दोन आकडे शेजारी लिहिले की तुलना झाली, असे मला वाटत नाही.

हिशेबनीस

विषय चांगला घेतला आहे. आकड्यांबद्दलची सावधगिरी थोडी उलगडून सांगतो, कारण अशा चर्चा नेमक्या तिथेच घसरतात.

बांगलादेश सरकारच्या २०२२ च्या घरगुती उत्पन्न-खर्च पाहणीनुसार १८.७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते आणि ५.६ टक्के अतिदरिद्री होते. युपिक वस्तीचा मोठा भाग ज्या कुसिल्वाक जिल्ह्यात येतो तो अमेरिकेतील सर्वांत गरीब जिल्ह्यांमध्ये गणला जातो आणि तिथले गरिबीचे प्रमाण बांगलादेशाच्या या राष्ट्रीय आकड्याहून जास्त आहे. यावरून कुसिल्वाक बांगलादेशापेक्षा गरीब ठरत नाही, कारण दोन्हीकडची रेषा वेगळी आहे. बांगलादेशाची रेषा किमान अन्न आणि मूलभूत गरजांच्या खर्चावर आखली आहे, तर अमेरिकेची रेषा डॉलरच्या उत्पन्नावर आहे आणि गरिबीचे हे प्रमाण काढताना ती साऱ्या देशासाठी एकच धरतात. बांगलादेशातील सुखवस्तू कुटुंबसुद्धा त्या रेषेच्या बरेच खाली निघेल.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. युपिक कुटुंबाच्या ताटातले कितीतरी अन्न कोणत्याही पाहणीत पैशाच्या रूपाने दिसत नाही. मासे, मूस (मोठ्या जातीचे हरीण), सील, बदके, रानबेरी असे मिळून पश्चिम अलास्कातील खेड्यांत दर माणशी वर्षाला शंभर किलोहून अधिक अन्न निसर्गातून येते. ते विकत घ्यायचे म्हटले तर कोणत्याच घराला परवडणार नाही. म्हणजे उत्पन्नाचा आकडा त्यांची गरिबी वाढवून दाखवतो आणि मासा आटला की झालेले नुकसान मुळीच दाखवत नाही.

एक आकडा मात्र मला अस्वस्थ करतो. २०२१ साली अमेरिकेतील मूळ निवासी आणि अलास्कन समाजाचे एकत्रित सरासरी आयुर्मान ६५ वर्षांच्या आसपास आले होते. त्याच काळात बांगलादेशाचे ७२ च्या आसपास होते. कोविडचा फटका त्यात आहेच आणि हा आकडा फक्त युपिकांचा नाही, हे मान्य करूनही जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे घडावे याचा विचार झालाच पाहिजे.

उत्तरेकडून

मी अँकरेजला राहतो आणि वीज व पाणीपुरवठ्याच्या कामानिमित्त कस्कोक्विमच्या खालच्या अंगाच्या गावांत अनेकदा जाऊन आलो आहे. पाहिलेले लिहितो.

बेथेल हे त्या भागाचे मुख्य गाव असून तिथे सहा हजारांवर लोकवस्ती आहे. तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही. माणूस विमानाने येतो आणि जड सामान उन्हाळ्यात बार्जने येते. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरचा बर्फ यंत्राने साफ करून रस्ता करतात आणि त्यावरून मोटारी आसपासच्या गावांना जातात. बेथेलहून छोट्या विमानाने पुढे गेले की गावातल्या एकमेव दुकानात दुधाच्या पुड्यापासून बाळाच्या लंगोटापर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतीत ते विमानभाडे मिसळलेले असते. इंधन वर्षातून एकदोनदा बार्जने येते आणि त्या वेळी जो भाव असेल तोच वर्षभर बोकांडी बसतो. नावेला पेट्रोल लागते, हिमगाडीला पेट्रोल लागते, आणि ही दोन्ही वाहने नसतील तर मासाही नाही आणि मूसही नाही. त्यामुळे ‘ते लोक शिकारीवर जगतात, त्यांना पैसा कशाला लागतो’ हा समज अगदी चुकीचा आहे. ज्या घरात कोणी शाळेत, दवाखान्यात किंवा टपाल खात्यात पगारी नोकरीला आहे, त्याच घराला चांगली शिकार करणे परवडते. आणि तेच घर पुढे चार घरांना मांस-मासे वाटते.

अनेक गावांत अजून घरोघरी नळ नाही. सार्वजनिक धुलाई-स्नानगृहातून पाणी भरून न्यावे लागते आणि शौचासाठी घरात बादली वापरावी लागते. खालची जमीन कायमची गोठलेली आणि वरून पाणथळ असल्यामुळे नळ पुरता येत नाहीत, ते जमिनीच्या वरून गरम आवरणात न्यावे लागतात. तीस-चाळीस घरांसाठी तो खर्च झाला तरी देखभालीला माणूस आणि पैसा पुढची वीस वर्षे कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. माझ्या कामात सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर जातो.

शिवणरेषा

बांगलादेशाबद्दल मी थोडे सांगू शकेन. ढाक्यात कपड्यांच्या मालाची तपासणी करण्याच्या कामावर मी सहा वर्षे होते. तिथे या धंद्यात भारतीय पुष्कळ आहेत आणि त्यांत मराठी माणसेही भेटतात.

देशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे. सुमारे चाळीस लाख कामगार या धंद्यात आहेत आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत. किमान वेतन २०१३ साली महिन्याला ५,३०० टका ठरले, २०१८ साली ८,००० झाले आणि २०२३ अखेरच्या आंदोलनानंतर १२,५०० टका झाले. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथे राणा प्लाझा कोसळून १,१०० हून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे कारखान्यांच्या इमारतींची कसून तपासणी सुरू झाली.

सकाळी आठच्या आधी गाझीपूरच्या रस्त्यावर जेवणाचे डबे हाती घेतलेल्या मुलींची जी रीघ लागते, ती मी कधी विसरणार नाही. माझ्या मजल्यावर कॉलर जोडणारी एक मुलगी होती. तिच्या वडिलांची जमीन जमुनेने, म्हणजे बांगलादेशातल्या ब्रह्मपुत्रेने, तीन वेळा नेली होती. महिन्याच्या सात तारखेला पगार झाला की ती त्याच संध्याकाळी मोबाइलवरून पैसे घरी पाठवत असे आणि पैसे मिळाल्याचा फोन येईपर्यंत जेवत नसे. त्या पैशातून वडिलांनी पत्र्याचे घर उभे केले होते आणि नदी जवळ आली की तेच पत्रे उतरवून, नावेत घालून, दुसऱ्या चरावर नेऊन पुन्हा उभे केले होते. पत्र्याला पडलेली जुनी भोके ती बोटांवर मोजून सांगायची.

नदीकाठ, तुम्ही म्हणता तसे तिच्या श्रमाला गिऱ्हाईक होते. पण ते गिऱ्हाईक भाव किती पाडून मागत होते, हे मी रोज टेबलापलीकडून पाहिले आहे, म्हणून ‘श्रम विकता येतात’ या गोष्टीचे फार कौतुक मला करवत नाही.

नदीकाठ

शिवणरेषा, आपला आक्षेप मान्य आहे आणि तो नोंदवल्याबद्दल आभारी आहे. माझा मुद्दा एवढाच की त्या मुलीसमोर एक वाट होती. ती वाट सरकारने एकट्याने केली नाही. १९७२ साली फझले हसन आबेद यांनी ब्रॅक ही स्वयंसेवी संस्था सुरू केली आणि १९८० च्या दशकात तिच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन जुलाबावर चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे सरबत करायला आयांना शिकवत हिंडल्या. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनुस यांनी लहान कर्जांचा प्रयोग सुरू केला आणि १९८३ साली त्यातून ग्रामीण बँक झाली. सूक्ष्म कर्जाच्या व्याजावर आणि वसुलीच्या तगाद्यावर रास्त टीका झाली आहे. तरीही गाव दाट असल्यामुळे एका कार्यकर्तीला दिवसात पन्नास दारे ठोठावता आली, हे विसरता येत नाही. युपिक गावांत पन्नास दारांसाठी विमान लागते. तिथे गावातल्याच माणसाला प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवक नेमण्याची पद्धत १९६० च्या दशकात रुजली आणि ती उत्तम चालली. मात्र प्रत्येक सेवेचा माणशी खर्च तिथे कित्येक पटींनी जास्त येतो.

आता जमिनीविषयी. बांगलादेशात नदीने नेलेली जमीन पुन्हा वर आली तर ती कोणाची, याला शिकस्ती-पयस्तीचा प्रश्न म्हणतात. १९७२ च्या आदेशाने अशी जमीन सरकारजमा होऊ लागली. १९९४ च्या दुरुस्तीने तीस वर्षांच्या आत ती वर आली तर मूळ मालकाचा हक्क पुन्हा मान्य झाला. प्रत्यक्षात नवा चर वर आला की जमीनदाराचे लाठीवाले आधी पोहोचतात आणि मूळ मालक कागद घेऊन कचेरीत बसतो. अलास्कात १९७१ च्या कायद्याने मूळ रहिवाशांना ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले, पण ते टोळ्यांना मिळाले नाहीत. त्यासाठी कंपन्या काढण्यात आल्या. त्या दिवसापर्यंत जन्मलेल्या प्रत्येकाला शंभर शेअर मिळाले. दुसऱ्या दिवशी जन्मलेल्या बाळाला काहीही मिळाले नाही. आणि त्याच कायद्याने शिकारीचा व मासेमारीचा पिढीजात हक्क संपुष्टात आणला. मला हीच त्या कायद्यातली सर्वांत मोठी चूक वाटते.

हिशेबनीस

कंपन्यांची रचना मराठी वाचकाला समजायला सोपी जाईल असे एक उदाहरण म्हणजे आपला सहकारी साखर कारखाना. सभासदत्व पुष्कळदा वारशाने येते, बाहेरच्याला शेअर विकता येत नाही, आणि लाभांशापेक्षा आपल्या मुलाला तिथे नोकरी लागेल का याची उत्सुकता अधिक असते. फरक असा की सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत असते, तर तिथे शेअरच्या संख्येप्रमाणे मते असतात.

युकॉन-कस्कोक्विम भागाची प्रादेशिक कंपनी कॅलिस्टा आहे. भूगर्भातील खनिजे प्रादेशिक कंपनीची आणि वरची जमीन गावांच्या कंपन्यांची, अशी विभागणी कायद्यानेच केली आहे. डॉनलिन सोन्याच्या खाणीचा वाद नेमका इथे उभा राहतो. खनिज कॅलिस्टाचे आहे आणि खाण झाली तर लाभांश व नोकऱ्या मिळतील, तर नदीकाठच्या अनेक टोळ्यांच्या परिषदांनी सॅमनच्या काळजीने खाणीला विरोध केला आहे. एकच माणूस भागधारक म्हणून एका बाजूला आणि मासेमार म्हणून दुसऱ्या बाजूला उभा असतो.

याशिवाय तेलाच्या उत्पन्नातून अलास्कातील प्रत्येक रहिवाशाला १९८२ पासून दरवर्षी लाभांश मिळतो. तो २०२२ साली ३,२८४ डॉलर होता, २०२३ साली १,३१२ आणि २०२४ साली १,७०२. सहा माणसांच्या घरात ही रक्कम नावेचे इंजिन घेण्याइतकी होते. आकडा असा वरखाली होत असल्यामुळे इंजिन यंदा घ्यायचे की पुढच्या वर्षी, हे राजधानीतल्या अर्थसंकल्पावर ठरते. बांगलादेशातल्या घरासाठी हेच काम आखाती देशांतून आणि मलेशियातून येणारा पैसा करतो. तो मात्र कोणाच्या तरी घामाचा असतो आणि त्यातला मोठा हिस्सा आधी दलालाचे कर्ज फेडण्यात जातो.

रेवस

आमच्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदीच्या दिवसांत घर कसे चालते हे मला ठाऊक आहे. या दोन ठिकाणी बंदी असते का, आणि असल्यास त्या काळात लोकांना काय मिळते, हे जाणून घ्यायला आवडेल.

नदीकाठ

रेवस, आपण नेमका प्रश्न विचारला.

बांगलादेशात आश्विन पौर्णिमेच्या सुमारास इलिश अंडी घालायला नदीत येतो, म्हणून साधारण ऑक्टोबरात २२ दिवस पूर्ण बंदी असते. लहान इलिशला तिकडे जाटका म्हणतात आणि तो पकडायला वर्षातले आठ महिने मनाई असते. नोंदणीकृत कोळ्याला २२ दिवसांसाठी २५ किलो तांदूळ मिळतो. २००२-०३ मध्ये दोन लाख टनांच्या आसपास असलेले उत्पादन २०१७-१८ पर्यंत पाच लाख टनांच्या वर गेले. बंदीचा उपयोग झाला हे त्यातून दिसते, जरी अलीकडे पुन्हा घट जाणवू लागली आहे. परंतु चांदपूर किंवा भोल्याच्या कोळ्याने आडत्याकडून दादन, म्हणजे आगाऊ उचल, घेतलेली असते. तांदूळ सरकार देते, पण दादन थांबत नाही. मासा पुन्हा भरपूर मिळू लागतो तेव्हा तो आडत्याच्याच भावाने आडत्यालाच घालावा लागतो.

युकॉनवर परिस्थिती अधिक कठोर आहे. २०२१ साली चिनूक या सॅमनच्या जातीपाठोपाठ चम ही दुसरी जातही कोसळली आणि घरी खाण्यापुरतीसुद्धा मासेमारी बंद झाली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्या यंत्रणांनी युकॉनच्या चिनूकवर सात वर्षांची बंदी घातली. चिनूकचे एक पूर्ण जीवनचक्र पार पडावे, हा त्यामागचा विचार आहे. कस्कोक्विमवर ठरावीक दिवशी ठरावीक तासांपुरतीच जाळी टाकता येतात. शास्त्रज्ञ समुद्राच्या वाढत्या तापमानाला मुख्य दोष देतात, तर गावकरी बेरिंग समुद्रात पोलॉक नावाचा मासा पकडणाऱ्या मोठ्या ट्रॉलरांकडे बोट दाखवतात, कारण त्यांच्या जाळ्यात सॅमनही सापडतो. यातली वेदनादायक गुंतागुंत अशी की १९९२ पासून पोलॉकच्या कोट्याचा एक भाग किनाऱ्यावरच्या ६५ गावांच्या संस्थांना मिळतो आणि त्यांतली काही गावे युपिकच आहेत. किनाऱ्यावरच्या गावाला ज्या जहाजातून पैसा येतो, त्याच प्रकारच्या जहाजावर नदीच्या वरच्या अंगाचे भाऊबंद रागावलेले आहेत.

उत्तरेकडून

सॅमन बंद होणे म्हणजे काय, हे मासेमारीच्या छावणीत गेल्याशिवाय कळत नाही. जून लागला की कुटुंब नदीकाठी मुक्काम हलवते. आजी उलुआक नावाच्या अर्धचंद्राकृती सुरीने मासा पाठीतून असा उघडते की शेपटीजवळ दोन्ही फाका जोडलेल्या राहतात, आणि मग तो मांडवाच्या दांडीवर दोन्ही बाजूंना लोंबता टाकता येतो. वारा लागून वरची त्वचा चकाकू लागली की तो धुराच्या खोपटात जातो. तिथे कॉटनवुडचा ओंडका धुमसत ठेवणे हे नातवंडांचे काम असते. मी एका बंदीच्या वर्षी गेलो होतो तेव्हा मांडव मोकळा होता. आजी तरीही तिथे राहायला आली होती आणि दुकानातून आणलेल्या कोंबडीच्या तुकड्यांवर नातीला सुरी धरायला शिकवत होती. मासा एक दिवस परत येईल तेव्हा तो कापायला कोणाला तरी आले पाहिजे, असे ती म्हणाली.

शिवणरेषा

वाचून गलबलून आले. स्थलांतराबद्दल कोणी लिहील का? बांगलादेशात गाव गेले की लोक ढाक्याच्या झोपडपट्टीत येतात. अलास्कात अख्खे गाव हलवल्याचे ऐकले आहे.

नदीकाठ

निंग्लिक नदीने कुरतडलेले न्यूटॉक हे साडेतीनशे वस्तीचे गाव सुमारे १४ किलोमीटरवरच्या मर्टार्विक येथे हलवले गेले. पहिली कुटुंबे २०१९ साली गेली आणि उरलेली २०२४ पर्यंत. लोकांनी नव्या जागेसाठी सरकारशी जमिनीची अदलाबदल करण्यापासून सुरुवात केली होती आणि त्याला वीसहून अधिक वर्षे लागली. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. बांगलादेशात कॉक्सबझारजवळ खुरुश्कुल येथे वादळ व धूप यांनी विस्थापित झालेल्यांसाठी पाच मजली इमारती बांधल्या आणि जुलै २०२० मध्ये पहिल्या ६०० कुटुंबांना घरे दिली. माणशी खर्चाची तुलना केली तर खुरुश्कुल कितीतरी स्वस्त ठरेल. परंतु मर्टार्विकमध्ये गाव गाव म्हणून राहिले, भाषा राहिली, शेजार राहिला. ज्याची जमीन जमुनेने नेली, त्या माणसाला गाव मिळत नाही, फार तर खोली मिळते.

उत्तरेकडून

ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाचे अवशेष किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांवर आले तेव्हा घरे माणसांसकट वाहून गेली आणि शेकडो लोकांना विमानांनी अँकरेजला आणावे लागले. मी एका निवारा केंद्रात अर्ज भरायला मदत करत होतो. नुकसानीच्या रकान्यात एका बाईने फ्रीझर लिहिला. वस्तूची किंमत आठशे डॉलर लिहिली गेली. आत काय होते, असे मी विचारले तेव्हा तिने सांगितले : सीलचे तेल, दोन मूसचे मांस, वाळवलेला मासा, रानबेरीच्या पिशव्या, एवढ्यात संपूर्ण हिवाळा निघाला असता. अर्जात त्यासाठी जागा नव्हती. तिने पेन खाली ठेवले आणि बराच वेळ काही बोलली नाही. बांगलादेशात अशा गोष्टी मोजतात का?

नदीकाठ

मे २००९ मध्ये आयला वादळाने खुलना जिल्ह्यातील कोयरा आणि दाकोप इथले बंधारे फुटले आणि अनेक कुटुंबे दोन वर्षांहून अधिक काळ बंधाऱ्यावरच राहिली. घर, गुरे, भात यांची यादी झाली. अंगणातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात खारे पाणी शिरले होते. त्या तळ्यात पिण्याचे पाणी होते, मासे होते, बदके होती आणि काठावर भाजी होती. तळे जागच्या जागी दिसत होते, म्हणून ते पडलेल्या घरासारखे यादीत आले नाही. त्यानंतर किती बायका रोज किती कोस घागर घेऊन चालल्या, हे तर कोणत्याच रकान्यात नाही.